१९७१ ची एमजीबी : गरम झाली की खटकन बंद, इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे लुकलुकतात

रेडिंगकर | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथे आजवर नुसता वाचत आलो, आज मदत मागायला धागा काढतोय.

दीड वर्षापासून माझ्याकडे १९७१ ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आहे. १७९८ सीसी, निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं), ऑल्टरनेटर, सीटमागच्या फळीखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. इंजिन, गिअर, ब्रेक यांबद्दल काही तक्रार नाही. विजेच्या भानगडींनी मात्र मेटाकुटीला आणलंय.

मुख्य दुखणं हे: रेडिंगहून ऑक्सफर्डच्या रस्त्याला लागलो की वॉलिंगफर्डच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे साधारण २५ मिनिटांनी, इंजिन बंद पडतं. आधी धक्के नाहीत, खोकणं नाही. कुणी चावी फिरवावी तसं खटकन. दहा मिनिटं कडेला थांबलं की पहिल्या सेल्फला सुरू होतं.

शिवाय डावा इंडिकेटर दिला की मागचे लाल दिवेही त्याच्याच तालात उघडझाप करतात. हेडलाइट पिवळट, मरगळलेले. पेट्रोलचा काटा अर्ध्या टाकीलाही फुल्लच्या जवळ. आणि गेल्या रविवारी थंडीत बराच वेळ सेल्फ मारावा लागला, तेव्हा चोकच्या मुठीला हात लावला तर चटका बसला. रबर जळाल्यासारखा वासही आला.

एका गॅरेजने आधी ऑल्टरनेटर बदलला, मग कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी). फरक शून्य. आता ते म्हणतात अख्खं वायरिंग बदला. पुढच्या महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून येतायत. बाबांनी २२ वर्षं ॲम्बॅसेडर चालवली. या गाड्या जिथे १९८० पर्यंत बनत होत्या त्या ॲबिंग्डनला त्यांना याच गाडीतून न्यायचंय. सुरुवात कुठून करू?

मिरजेचा सेल्फवाला | शनिवार, रात्री १०.१५

दादा, चोकची केबल तापली म्हणता ना, तिथंच गाडीनं अर्धं उत्तर दिलंय. आज रात्री परत सेल्फ मारू नका.

सेल्फ फिरताना दीडशे-दोनशे अँपिअर करंट जातो. तो बॅटरीतून जाड केबलनं सेल्फपर्यंत येतो हे सगळ्यांना दिसतं. पण परत जायची वाट कुणी बघत नाही. इंजिन बसलंय रबराच्या माउंटिंगवर, म्हणजे बॉडीला त्याचा लोखंडी स्पर्श नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी असते, ती अर्थची पट्टी. ती तुटली, सैल झाली किंवा बसवायचीच राहिली, तर करंट मिळेल त्या वाटेनं घरी जातो. चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, ज्या कशाचं एक टोक इंजिनला नि दुसरं बॉडीला टेकलंय ते. बारीक केबल आहे ती, तापणारच. अशानं गाडी पेटते.

आमच्याकडं ॲम्बॅसेडर क्लचला आली की गिअरबॉक्स उतरवायचा, आणि चढवताना पोरगं पट्टी लावायला विसरायचं. आठ दिवसांनी गिऱ्हाईक परत दारात, "सेल्फ ओढत नाही" म्हणून. तुमच्या बाबांना सांगा, त्यांच्या गाडीचं १४८९ सीसीचं इंजिन आणि तुमचं १७९८ चं एकाच घराण्यातलं, दोन्ही बी-सिरीज. त्यांचा हात लगेच बसेल.

जुना_स्पॅनर | रविवार, सकाळी ७.०५

सेल्फवाले अगदी बरोबर बोलले. त्यात थोडी भर घालतो. कॉव्हेंट्रीत राहतो, एमजीबी सांभाळायला लागून बरीच वर्षं झाली.

वायरिंग बदलू नका. या गाड्यांच्या तारा सहसा सडत नाहीत, सडतात ते सांधे. बंदुकीच्या गोळीसारखी पितळी टोकं काळ्या रबरी नळीत दोन्ही बाजूंनी खुपसलेली असतात, आत पातळ पत्र्याची नळी असते. इंग्लंडच्या पावसात पन्नास हिवाळे काढले की त्या पत्र्याला गंज धरतो आणि पितळेवर हिरवट पूड साठते. बाहेरून रबर पाहिलंत तर अगदी नवं. या गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या लुकस कंपनीच्या नावाने इथे पिढ्यान्‌पिढ्या थट्टा चालत आलीय, अंधाराचा राजपुत्र वगैरे. मला ती कधीच पटली नाही. मी उघडलेल्या दहा बिघाडांतले आठ तरी अर्थ किंवा सांधा यांचेच निघाले, मूळ भाग ठणठणीत होता.

दुसरी गोष्ट, तारांचे रंग पाठ करा. एकदा ते बसले की गाडी पुस्तकासारखी वाचता येते. तपकिरी तार बॅटरीची, सदैव जिवंत, मध्ये फ्यूज नाही, म्हणून तिला हात लावण्याआधी बॅटरीचं अर्थचं टोक सोडायचंच. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, तिलाही फ्यूज नाही. पांढरी फ्यूजमधून पलीकडे गेली की हिरवी होते: इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, वायपर, पेट्रोलचा काटा. तपकिरी फ्यूजमधून गेली की जांभळी: हॉर्न, आतला दिवा. लाल तार बाजूच्या दिव्यांची, निळी हेडलाइटची. निळ्यावर पांढरी रेघ असेल तर लांबचा झोत, लाल रेघ असेल तर डिपर. हिरवीवर लाल रेघ डावा इंडिकेटर, हिरवीवर पांढरी रेघ उजवा. काळी म्हणजे अर्थ. मूळ रंग सांगतो वीज कुठून आली, रेघ सांगते कुठे चाललीय. किती नीट विचार करून कुणीतरी हे ठरवलंय! काळोखात, गुडघ्यावर बसून, तोंडात टॉर्च धरून काम करणाऱ्या माणसाचा विचार आहे त्यात.

एक सावधगिरी फ्यूजची. जुन्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, तो आकडा वितळण्याचा. सतत वाहायला तो १७ अँपिअरचाच. आजकालचा, सतत ३५ सोसणारा फ्यूज तिथे बसवलात तर फ्यूजच्या आधी तार जळेल.

रेडिंगकर | रविवार, दुपारी ४.३०

पट्टी सापडली! म्हणजे सापडली नाही असं म्हणायला हवं. गाडी स्टँडवर घेऊन खाली शिरलो. बॉडीच्या बाजूला पट्टीचा बोल्ट आहे, त्याला तांब्याची चार बोटं लांब शेंडी लोंबतेय, टोकाला काळी पडलेली. इंजिनच्या बाजूचं टोक नाहीच. कधी तुटलं देव जाणे.

तुटक्या पट्टीवर बायकोला दोनच सेकंद सेल्फ मारायला लावला आणि मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला धरली. २.८ व्होल्ट. मग गावातल्या ऑटोपार्ट्सच्या दुकानातून नवी पट्टी आणली, दोन्ही बाजूंचा रंग चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातले, आवळली, वर व्हॅसलिन. आता तोच आकडा ०.१५. आणि सेल्फचा आवाज! इतके दिवस मला वाटायचं जुन्या गाडीचा सेल्फ असाच कण्हत फिरतो.

पण वॉलिंगफर्डचा आजार तसाच आहे, आत्ताच जाऊन आलो. २७ मिनिटं.

स्वाती_लीड्स | रविवार, संध्या. ६.१०

तुम्ही २.८ मोजलेत ना, तीच पद्धत सगळीकडे वापरा. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली आहे, गाड्यांतलं फार कळत नाही, पण इथे बहुतेक जण ज्या जागी फसतात ती सांगते.

मल्टीमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे तारेत केसाएवढा एकच धागा शाबूत असला तरी दिवा काढून टोकाशी मोजलंत तर मीटर १२ दाखवणार आणि तुम्ही म्हणणार तार चांगली आहे. दिवा जोडला, चार-पाच अँपिअर वाहायला लागले, की तो धागा कोलमडतो. म्हणून भार चालू ठेवून मोजायचं. हेडलाइट पेटलेला असताना बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दिव्याच्या टोकापर्यंत किती व्होल्ट हरवले ते एकदा, आणि दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत किती हरवले ते दुसऱ्यांदा. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. जास्त भरलं तर एकेका सांध्याच्या अलीकडे-पलीकडे मोजत जा, चोर आपोआप सापडतो.

आणि हेडलाइटचा मरगळलेपणा मनाचा खेळ नाही. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के घसरलं तर उजेड ३० टक्के गेला.

मिरजेचा सेल्फवाला | रविवार, रात्री ९.००

ताईंनी लाखातलं सांगितलं. आम्ही मीटरऐवजी टेस्ट लॅम्पच वापरतो त्याचं कारण हेच. बल्ब करंट खातो, त्याला खोटं बोलता येत नाही.

मागच्या दिव्यांचं : डाव्या बाजूच्या दिव्याचं अर्थ गेलंय. इंडिकेटरच्या बल्बला खाली उतरायला वाट नाही, मग करंट त्याच दिव्यातल्या टेललाइटच्या तारेतून उलटा चढतो, लाल तारेनं उजव्या बाजूला जातो आणि तिथल्या बल्बमधून अर्थ होतो. म्हणून सगळे एका तालात नाचतात. काळी तार डिकीत बॉडीला स्क्रूनं धरलेली असेल, काढा, घासा, लावा.

निळी_मिजेट | सोमवार, सकाळी ८.२०

गरम झाल्यावर बंद पडते म्हणजे पॉइंट (कॉईलचा करंट तोडून ठिणगी पाडणारे संपर्क) नाहीतर त्यांच्या जोडीचा कंडेन्सर. माझ्या मिजेटला (एमजीचीच छोटी गाडी) मी दोन वर्षांपूर्वी पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, तेव्हापासून डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट यातच असतात) टोपी उघडलेली नाही. तुम्हीही बसवा आणि मोकळे व्हा. शोधत बसण्यात उन्हाळा जाईल.

जुना_स्पॅनर | सोमवार, सकाळी ९.४५

निळी_मिजेट, इलेक्ट्रॉनिकला माझा विरोध नाही, चांगली वस्तू आहे. पण बिघाड सापडण्याआधी नवा भाग घालू नये, या बाबतीत मी हट्टी आहे. रेडिंगकरांनी ऑल्टरनेटर आणि कॉईल अशाच गमावल्यात. तो इलेक्ट्रॉनिक डबासुद्धा टोपीखालच्या त्याच प्लेटवर बसतो आणि त्याच प्लेटमधून अर्थ घेतो. तारच तुटकी असेल तर नवा डबाही वॉलिंगफर्डलाच बंद पडेल, आणि मग संशय डब्यावर जाईल.

रेडिंगकर, गाडी तुम्हाला बंद पडतानाच सांगेल काय गेलं ते. तुमच्या वर्षाच्या गाडीत कॉईलचा करंट टॅकोमीटरमधून (इंजिनचे फेरे दाखवणारं मीटर) वळसा घेऊन जातो. इंजिन मेलं की क्लच दाबू नका, गाडी गिअरमध्येच घरंगळू द्या आणि टॅकोमीटरकडे बघा. चाकं इंजिनला फिरवत असूनही काटा एकदम शून्यावर पडला, तर इग्निशनचा करंट तुटला. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला, तर ठिणगी चालू आहे, पेट्रोल बघा: टाकीचं झाकण, फिल्टर, मागच्या उजव्या चाकापुढचा एसयू कंपनीचा पेट्रोल पंप.

आणि दुसरं काम. पॅनेलचा छोटा २ वॅटचा बल्ब घ्या. एक तार कॉईलला येणाऱ्या पांढऱ्या तारेच्या टोकावर, दुसरी अर्थला. बल्ब बॉनेटच्या फटीतून आत आणून डॅशवर चिकटवा. गाडी मेली आणि बल्बही विझला, तर दोष चावी, पांढरी तार, टॅकोमीटर या बाजूला. बल्ब जळत राहिला, तर कॉईलपर्यंत वीज पोचतेय, दोष तिच्यापुढे. मोठा सरळ रस्ता, दिवसाउजेडी, मागे कुणी नसताना करा. शेजारी कुणाला तरी बसवा, तुमची नजर रस्त्यावरच राहू दे.

स्लाउकर | सोमवार, रात्री ८.३०

छान चाललाय धागा. मध्येच एक शंका: माझी १९६५ ची एमजीबी, डायनॅमोवाली. हे सगळं तिलाही लागू का? आणि फोन चार्जिंगचं सॉकेट बसवायचं होतं.

जुना_स्पॅनर | सोमवार, रात्री ९.१०

स्लाउकर, थांबा! तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे. १९६७ च्या शेवटी मार्क २ आली तेव्हा ऑल्टरनेटर आणि निगेटिव्ह अर्थ आला. मोजण्याची पद्धत तीच, मीटरच्या पिना उलट्या. पण नेहमीचं चार्जिंग सॉकेट बॉडीला स्क्रूने बसवून आत तपकिरी तार जोडलीत तर ध्रुव उलटे होतील आणि चार्जर जळेल. आधी कुणी मधल्या काळात गाडी निगेटिव्ह करून घेतलीय का ते बॅटरीपाशी बघा, यातल्या बऱ्याच गाड्या तशा बदललेल्या आहेत. तुमच्यासाठी वेगळा धागा काढू, इथे गोंधळ नको.

रेडिंगकर | पुढचा रविवार, संध्या. ५.५०

आठवडाभर रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये होतो. सगळं सविस्तर लिहितो.

मागचे दिवे: सेल्फवाल्यांनी सांगितलं तसंच. इंडिकेटर चालू असताना डाव्या दिव्याचं बूड ते बॅटरीचं निगेटिव्ह, चक्क ४ व्होल्ट. डिकीतला स्क्रू काढला तर कडीखाली आधीच्या कुणीतरी मारलेला हिरव्या रंगाचा जाड थर. रंगावरच तार आवळलेली. घासली, आता मीटर ०.०५ म्हणतो आणि लाल दिवे जागचे हलत नाहीत. ४० वर्षांवरच्या गाड्यांना इथे २०१८ पासून एमओटी, म्हणजे दरवर्षीच्या तपासणीची सक्ती राहिलेली नाही. म्हणजे माझा ब्रेकचा दिवा मागच्याला नीट दिसतो की नाही हे मीच बघायला हवं होतं. दीड वर्ष मी तशीच चालवत होतो, याचं वाईट वाटतं.

हेडलाइट: ऑल्टरनेटरवर १३.८, दिव्यावर १०.९. पुढची जाळी काढली. तिच्यामागे या गोळीसांध्यांचा घोसच आहे. निळी-लाल तार ओढली तर रबरासकट अख्खी नळी हातात आली. आत पितळेवर तुरटीच्या चुऱ्यासारखी हिरवट पूड, आणि पत्र्याची नळी उभी चिरलेली. सगळ्या नळ्या नव्या घातल्या, गोळ्या बारीक पॉलिश पेपरने पुसल्या. आता दिव्यावर १३.० मिळतात. रिले बसवायचा विचार आहे, म्हणजे तो सगळा भार जुन्या स्विचवर पडणार नाही. पण ते हिवाळ्यापूर्वी, आत्ता नाही.

पेट्रोलचा काटा: टाकीजवळची हिरवी-काळी तार सोडली, काटा खाली आला. म्हणजे ती तार कुठे बॉडीला टेकलेली नाही. मग काट्याला वीज पुरवणारा डॅशमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर. तो आतल्या आत चालू-बंद होत सरासरी १० व्होल्ट देतो, म्हणजे मीटरचा काटा उड्या मारताना दिसायला हवा. माझा सरळ १२.४ वर स्थिर. त्याला अर्थ मिळतं ते बसवायच्या स्क्रूतूनच, आणि तोच स्क्रू सैल. अर्धा फेरा आवळला. बस, काटा अर्ध्यावर.

आणि आता वॉलिंगफर्ड. शेजारच्या सीटवर बायको, डॅशवर बल्ब. २४ व्या मिनिटाला इंजिन मेलं. ती ओरडली, "काटा पडला! बल्ब चालू आहे!"

म्हणजे कॉईलच्या पुढे. तिथेच गवतावर डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली. पॉइंट स्वच्छ, अंतर ०.३८ मिमी, बरोबर. कंडेन्सर तसाही सोबत नेला होता, बदलला. सुरू झाली, पण तोवर गार झालेलीच होती, म्हणून विश्वास ठेवला नाही. घरी आलो, हेअर ड्रायरने डिस्ट्रिब्युटर तापवला आणि मीटर लावून आतली एकेक तार पेन्सिलीने हलवत गेलो. पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती प्लेट व्हॅक्यूमच्या ओढीने थोडी थोडी फिरत असते. तिला बाहेरच्या कवचाशी जोडणारी, बोटाच्या पेराएवढी कापडी वेष्टणाची तार आहे. ती हलवली की मीटर कधी शून्य, कधी अनंत. वेष्टण शाबूत होतं. ब्लेडने चिरलं. आत तांब्याच्या दोनच तारा एकमेकींना टेकून होत्या, बाकीच्या सगळ्या तुटून टोकं काळी पडलेली.

थंड असताना त्या दोन टेकायच्या. गरम झालं की सुटायच्या.

स्वाती_लीड्स | रविवार, संध्या. ६.२०

म्हणजे हेही अर्थच! वाचताना काटा आला अंगावर.

मिरजेचा सेल्फवाला | रविवार, संध्या. ७.००

झकास काम केलंत दादा, आणि वहिनींचंही. आता एक चूक करू नका. तिथं घरातली साधी वायर डकवू नका. ती प्लेट दर वेळी ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की हलते, जाड धाग्यांची वायर महिन्यात तुटेल. अगदी बारीक, भरपूर धाग्यांची मऊ तार लागते. तयार मिळते ती घ्या. बसवताना प्लेट हातानं पूर्ण फिरवून बघा, तार ताणली जाता कामा नये आणि फिरत्या कॅमला घासताही कामा नये.

निळी_मिजेट | रविवार, रात्री ८.१५

मान्य. माझा डबा तिथे खरंच उपयोगी पडला नसता. उद्या माझ्या गाडीतली ती तार उघडून बघणार आहे.

रेडिंगकर | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री १०.३०

आज बाबांना घेऊन ॲबिंग्डनला जाऊन आलो. जाता-येता मिळून ८० किलोमीटरच्या वर, वॉलिंगफर्ड दोनदा ओलांडलं, इंजिन एकदाही चुकलं नाही. कारखान्याच्या जागी आता दुसऱ्या इमारती आहेत. बाबा तिथे थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, बॉनेट उघड. ५० वर्षांपूर्वीच्या सवयीने आधी बॅटरीचं अर्थ कुठंय ते शोधायला लागले. सीटमागे आहे म्हटल्यावर त्यांना ते अजिबात पटलं नाही.

परत येताना त्यांनी चालवली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो, हे त्यांच्या पहिल्याच वळणावर लक्षात आलं. मी सरळ रस्त्यांवरच चालवत असल्यामुळे मला कधी कळलं नव्हतं. जांभळीवर काळी रेघ असलेली तार कॉलममध्ये कुठेतरी सोलवटली असणार, ती लोखंडाला टेकली की हॉर्नचं अर्थ पुरं होतं. जांभळ्या तारेचा फ्यूज काढून ठेवलाय. उद्या सकाळी चहा झाला की बाबा आणि मी कॉलमचं आवरण उघडतोय. कुणी हे काम आधी केलं असेल तर स्क्रू कुठून सुरू करायचे तेवढं सांगा.